देणगीचे निधी कसे सांभाळावेत : विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या कार्यालयांसाठी

विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या लेखा विभागात नव्याने रुजू होणाऱ्याकडे पगार, शुल्क आणि अनुदान यांच्या फायलींबरोबर आणखी एक जाडजूड फाइल येते. तिच्यावर ‘देणगी निधी’ किंवा नुसतेच ‘पारितोषिके’ असे लिहिलेले असते. आत ठेवपावत्यांच्या झेरॉक्स प्रती, शाईने लिहिलेली पत्रे, ठरावांचे उतारे आणि कोणत्याच निधीशी न जुळणाऱ्या व्याजाच्या नोंदी असतात. या फाइलची व्यवस्था कशी लावावी, नवी देणगी घेताना काय पाहावे, पैसा कोठे ठेवावा, दरवर्षी किती खर्च करावा आणि देणगीदाराचा हेतू कालबाह्य झाल्यास काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईची आहेत, कारण देणग्यांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांचा इतका जुना आणि बोलका इतिहास आपल्याकडे फार थोड्या शहरांना आहे.

आधी निधीचा प्रकार ओळखावा लागतो. काही देणग्या खर्चून टाकण्यासाठीच असतात. उदाहरणार्थ, यंदाच्या गरजू विद्यार्थ्यांचे शुल्क भरण्यासाठी किंवा प्रयोगशाळेतील एखादे उपकरण घेण्यासाठी दिलेली रक्कम. दुसऱ्या प्रकारात मूळ रक्कम कायम ठेवायची असते आणि फक्त तिच्या उत्पन्नातून पारितोषिक, शिष्यवृत्ती, व्याख्यानमाला किंवा अध्यासन चालवायचे असते. यालाच स्थायी निधी म्हणतात. तिसरा प्रकार इमारतीसाठीच्या देणगीचा. ती एकदा खर्च झाली की निधी म्हणून संपते, पण इमारतीची देखभाल संस्थेच्या गळ्यात कायमची पडते.

फोर्टमधील राजाबाई टॉवर हे या तिसऱ्या प्रकाराचे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण होय. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये देऊ केले. पुढच्याच वर्षी, १८६५ च्या जुलैत, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि स्वतः प्रेमचंद त्यात होरपळले. बांधकाम १८६९ ला सुरू होऊन १८७८ ला पुरे झाले आणि एकूण खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. पुढे वास्तू जीर्ण झाली तेव्हा तिच्या जीर्णोद्धारासाठी नवा दाता शोधावा लागला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने झालेले ते काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. यातून कार्यालयाने दोन गोष्टी घ्याव्यात. जाहीर झालेली देणगी आणि खात्यात जमा झालेली देणगी यांची नोंद कधीही एकत्र करू नये. तसेच इमारतीसाठी देणगी घेताना तिच्या ठरावीक हिश्श्याचा देखभाल निधी वेगळा काढण्याची अट संस्थेने स्वतःहून घालावी. दात्याला ती सुचणार नाही, आणि सुचली तरी कोनशिलेवर देखभालीचा उल्लेख नसल्याने त्याला तिचे आकर्षण वाटणार नाही.

आधी यादी, मग बाकी सारे

जुन्या निधींची यादी करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून पुढचे काहीही नीट होत नाही. प्रत्येक निधीला खतावणीत स्वतंत्र पान द्यावे. त्या पानावर निधीचे पूर्ण नाव, देणगीदार व त्यांचे आजचे वारस, स्वीकृतीच्या ठरावाचा क्रमांक व दिनांक, मूळ रक्कम, नंतर पडलेली भर, गुंतवणुकीचा तपशील, हेतू देणगीदाराच्याच शब्दांत, निवडीची कसोटी आणि शेवटचे पारितोषिक कोणत्या वर्षी दिले गेले हे सारे आले पाहिजे. हेतू स्वतःच्या शब्दांत संक्षिप्त करून लिहिण्याचा मोह टाळावा. ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ याचे एका कारकुनाच्या हातून ‘हुशार विद्यार्थी’ होते आणि पुढची वीस वर्षे गरिबाला जायची रक्कम पहिल्या आलेल्याला जात राहते.

नमुन्यादाखल एक पान डोळ्यांसमोर आणू. मूळ रक्कम रु. ५,०००; हेतू, ‘इंटर आर्ट्सच्या परीक्षेत मराठीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थिनीस पुस्तके द्यावीत’; ठेव देना बँकेत; ठेवपावती ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ या नावाने. या एकाच पानावर चार प्रश्न दडलेले आहेत. १०+२+३ हा आकृतिबंध १९७० च्या दशकात आल्यापासून इंटरची परीक्षाच राहिलेली नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आहे. विद्यापीठाचे नाव १९९६ मध्ये ‘मुंबई विद्यापीठ’ झाले, त्यामुळे पावतीवरचे नाव आणि आजचे नाव जुळत नाही. आणि ५,००० रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५० रुपये व्याज येते, ज्यात आज एखादे बऱ्यापैकी पुस्तक येईल, ‘पुस्तके’ येणार नाहीत.

जुन्या पावत्यांचा माग काढताना दहा वर्षांची मर्यादा ध्यानात ठेवावी. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या किंवा दावा न केलेल्या ठेवींची रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग करतात. ही रक्कम बुडालेली नसते. मूळ बँकेकडे कागदपत्रांसह मागणी केल्यास ती परत मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. शोध घेताना संस्थेचे आजचे नाव, जुने नाव, इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आणि प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या पदनामाने उघडलेले खाते अशा सर्व रूपांत घ्यावा, कारण पन्नास वर्षांपूर्वी ठेव कोणत्या नावाने ठेवली गेली असेल याला काही नियम नव्हता.

कायद्याची चौकट

सार्वजनिक विद्यापीठ आणि न्यासाने चालवलेले महाविद्यालय यांची वाट येथे वेगळी होते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा आहे, पैशाची बाजू वित्त व लेखा समिती आणि वित्त व लेखा अधिकारी पाहतात, आणि पारितोषिकांची कसोटी शैक्षणिक मंडळांकडून जाते. विभागप्रमुखाने दात्याकडून धनादेश घेऊन परस्पर पारितोषिक जाहीर करणे, मग ते कितीही सद्हेतूने असो, नियमाला धरून नाही. न्यासाच्या महाविद्यालयाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो आणि त्याचा संबंध वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी येतो. न्यासाचा पैसा कोठे गुंतवायचा हे या अधिनियमाचे कलम ३५ ठरवते, तर स्थावर मालमत्ता विकण्यास किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यास कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते. मिळकतीत किंवा विश्वस्तांत झालेला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. हा बदल अहवाल वर्षानुवर्षे रखडलेला आढळतो आणि नेमका मालमत्ता विकायची वेळ आली की सगळे त्याच्या मागे धावतात.

देणगी स्वीकारण्यापूर्वी

दात्याने धनादेश आणला की ‘आधी पावती, कागद नंतर’ अशी घाई होते. ती करू नये. आधी देणगीपत्र तयार करावे, दोघांच्या सह्या व्हाव्यात, ठराव व्हावा आणि मगच रक्कम जमा करावी. देणगीपत्रात रक्कम स्थायी निधीसाठी आहे असा स्पष्ट निर्देश हवा. हा निर्देश नुसता भावनेचा नाही: आयकर कायद्यात स्थायी निधीची देणगी उत्पन्नातून वगळली जाते ती दात्याचा लेखी निर्देश असेल तरच, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम कायद्याने सांगितलेल्या गुंतवणुकीतच, त्या निधीसाठी म्हणून वेगळी दाखवून ठेवावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतली असल्याने कलमे आणि नमुने यांचे जुने क्रमांक छापील पत्रांतून तसेच पुढे चालवू नयेत.

देणगीपत्राचा गाभा म्हणजे हेतूचे कलम, आणि त्याच्या लगेच खाली पर्यायी हेतूचे कलम. दाता भारावलेला असतो; आपल्या आईने ज्या शाखेत, ज्या विषयात पदवी घेतली त्याच विषयाच्या त्याच परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलीला पारितोषिक मिळावे असे त्याला वाटते. ते लिहावे, पण त्यापुढे असे काहीसे वाक्य घालून घ्यावे: ‘सदर परीक्षा, विषय किंवा अभ्यासक्रम बंद झाल्यास अथवा सलग तीन वर्षे पात्र विद्यार्थी न मिळाल्यास, व्यवस्थापन परिषद देणगीदार अथवा त्यांच्या वारसांना कळवून, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कारणासाठी निधीच्या उत्पन्नाचा विनियोग करू शकेल.’ दात्यासमोर हे वाक्य वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण बहुतेक दाते ते समजून घेतात.

हे कलम का हवे याचे उत्तर मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातच आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती एके काळी इतकी मानाची होती की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या चरित्रात १९१२ च्या त्यांच्या मॅट्रिकच्या यशाबरोबर तिचाही उल्लेख हटकून येतो. पण १९४० च्या दशकाच्या अखेरीस मॅट्रिकची परीक्षाच विद्यापीठाकडून शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली. त्याच सुमारास पुणे, गुजरात आणि कर्नाटक येथे स्वतंत्र विद्यापीठे निघाली आणि पूर्वी मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली असलेली किती तरी महाविद्यालये तिकडे गेली. परीक्षा, अभ्यासक्रम, विद्यापीठाची हद्द, यांतले काहीच कायम नसते. कायम राहतो तो फक्त निधी.

नावाची अटही लेखीच असावी. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. ते आजही आहे. इतक्या मोठ्या देणगीला नाव देणे रास्तच. पण वर्गखोली, सभागृह किंवा व्याख्यानमालेला नाव देताना ते किती वर्षांसाठी, इमारत पाडून नवी बांधल्यास काय, आणि देणगीचे हप्ते पूर्ण न आल्यास काय, हे लिहून ठेवावे. हप्त्याने देणगी असल्यास पाटी शेवटच्या हप्त्यानंतर लावावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

किमान रक्कम ठरवताना उलटे गणित करावे. वर्षाला १०,००० रुपयांचे पारितोषिक हवे असेल आणि महागाईसाठी राखून निधीच्या चार टक्केच खर्च करायचे असतील, तर मूळ रक्कम २,५०,००० रुपये हवी. दाता १,००,००० देऊ करत असेल तर पारितोषिक ४,००० रुपयांचे होईल हे त्याला तेव्हाच सांगावे. सुवर्णपदकांच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. दहा ग्रॅम सोन्याचा भाव २०२५ मध्ये लाखावर गेला, तेव्हा ‘दरवर्षी सोन्याचे पदक द्यावे’ अशी जुनी अट पाळणे कोणत्याही सामान्य निधीला शक्य राहिलेले नाही. म्हणून नव्या देणगीपत्रात ‘सुवर्णपदक’ हा मानाचा शब्द म्हणून ठेवावा आणि पदक चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले असेल असे स्पष्ट लिहावे. जुन्या निधींबाबत हाच बदल करायचा तर वारसांना पत्र लिहून आणि ठराव करून करावा. सराफाकडून परस्पर स्वस्त पदक घडवून आणू नये.

पैसा कोठून येतो याचीही चौकशी करावी. कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून स्थायी निधीला देणगी देता येत नाही. २२ जानेवारी २०२१ पासून असा खर्च त्या सदरात मान्य होत नाही, त्यामुळे कंपनीला चालू शिष्यवृत्ती किंवा ठरावीक मुदतीचा प्रकल्प सुचवावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याचे पैसे हे विदेशी अभिदान ठरतात आणि त्यासाठी संबंधित कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेले खाते लागते. मात्र भारतीय पारपत्र असलेला, दुबईत किंवा लंडनमध्ये नोकरी करणारा विद्यार्थी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो तेव्हा ते विदेशी अभिदान होत नाही. म्हणून देणगी अर्जावर राहण्याचा देश नव्हे, नागरिकत्व विचारावे. रोख देणगी २,००० रुपयांहून अधिक असल्यास दात्याला देणगीवरची करसवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी ची) मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीलाही ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या दात्याला ती एरवीही लागू होत नाही, तेव्हा ‘करात सूट मिळेल’ असे सरसकट आश्वासन देऊ नये.

स्थावर मालमत्तेच्या देणगीवर मुंबईत जरा जास्तच विचार करावा. गिरगावातली किंवा दादरची एखादी पागडीची चाळ दानात मिळाली की वर्तमानपत्रात कोट्यवधींची देणगी म्हणून बातमी येते. प्रत्यक्षात भाडेनियंत्रण कायद्याखालचे भाडे दुरुस्तीलाही पुरत नाही, भाडेकरू हलत नाहीत, आणि संस्थेला शिष्यवृत्तीऐवजी गळक्या छपराची पत्रे येत राहतात. सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेची थकबाकी, हस्तांतरणाचे नियम आणि मालकी हक्काची साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. दानपत्र नोंदणीकृतच हवे. शेअर्स मिळाले तर ते ज्या आर्थिक वर्षात मिळाले त्याच्या अखेरीनंतर वर्षभरात विकून रक्कम मान्य गुंतवणुकीत वळवावी लागते. दात्याच्या वडिलांनी जपलेले शेअर्स भावनेपोटी तसेच ठेवल्यास करसवलत धोक्यात येते. एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्याच विद्यार्थ्यांसाठी निधी हवा असा आग्रह असेल, तर तेथेही कराची आणि सर्वांना खुल्या असलेल्या संस्थेच्या धोरणाची अडचण येते. तेव्हा आर्थिक निकष किंवा तालुका-जिल्ह्याचा निकष सुचवून पाहावा.

पैसा कोठे आणि कसा ठेवावा

स्थायी निधी संस्थेच्या रोजच्या चालू खात्यात पडून राहता कामा नये. त्यासाठी वेगळे बचत खाते उघडावे आणि तेथून गुंतवणूक करावी. राष्ट्रीयीकृत बँकांच्या मुदत ठेवी, सरकारी कर्जरोखे आणि आयकर कायद्याने मान्य केलेले काही म्युच्युअल फंड एवढाच पल्ला बहुतेक संस्थांसाठी पुरेसा आहे. सार्वजनिक विद्यापीठांनी त्याशिवाय राज्य शासनाचे बँकांविषयीचे वेळोवेळचे निर्णयही पाहावेत. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजाचा मोह मात्र आवरावा. ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच असते, आणि विद्यापीठ कितीही मोठे असले तरी तो एकच ठेवीदार. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा मुंबईतल्या किती तरी गृहनिर्माण संस्थांचे आणि न्यासांचे पैसे एका रात्रीत अडकले.

ठेवी एकाच दिवशी मुदत संपणाऱ्या नसाव्यात. एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या पायऱ्या केल्या तर दरवर्षी एक हिस्सा त्या वेळच्या व्याजदराने नव्याने गुंतवता येतो आणि दर घसरल्याचा फटका सगळ्या निधीला एकदम बसत नाही. ठेव आपोआप नूतनीकरण होण्याच्या सूचनेवर विसंबू नये. मुदतपूर्तीची तारीख खतावणीच्या पानावर आणि कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर, दोन्हीकडे असावी.

जेथे शंभर-दोनशे लहान निधी आहेत तेथे प्रत्येकाची स्वतंत्र पावती सांभाळणे हे निव्वळ हमालीचे काम होते. अशा वेळी सर्व निधींची गुंतवणूक एकत्र करून हिशेब मात्र वेगळा ठेवावा, आणि त्याची उत्तम रीत म्हणजे युनिटची. समजा, तीन निधी एकत्र आणले: १० लाखांचा, ४ लाखांचा आणि ५० हजारांचा. सुरुवातीला एका युनिटची किंमत १०० रुपये धरली तर त्यांना अनुक्रमे १०,०००, ४,००० आणि ५०० युनिट मिळतील, एकूण १४,५००. काही काळाने खर्च वजा जाता एकत्रित निधीचे मूल्य १६,२४,००० रुपये झाले, म्हणजे एक युनिट ११२ रुपयांचे झाले. आता २,८०,००० रुपयांची नवी देणगी आली तर तिला २,५०० युनिट द्यावेत, २,८०० नव्हेत. नाही तर आधीच्या दात्यांनी राखून वाढवलेले उत्पन्न नव्या निधीकडे फुकट जाईल. दरवर्षीचे वाटप प्रतियुनिट ठरवावे म्हणजे ५० हजारांच्या निधीलाही त्याच्या हक्काचा वाटा पैशापर्यंत मिळतो. ज्या देणगीपत्रात ‘अमुक बँकेतच ठेवावे’ अशी अट आहे ते निधी या एकत्रीकरणातून वगळावेत.

दरवर्षी किती खर्च करावे

येथेच सर्वांत मोठी गफलत होते आणि ती गफलत आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘मूळ रक्कम राखावी, व्याज खर्चावे’ हा संकेत आपण इतका पाळतो की सगळे व्याज खर्च करणे म्हणजे निधी राखणे असेच वाटू लागते. एक लाखावर सात टक्क्यांनी ७,००० रुपये व्याज येते आणि महागाई पाच टक्के आहे असे धरू. सगळे व्याज दरवर्षी वाटत राहिले तर वीस वर्षांनीही पारितोषिक ७,००० चेच राहील, पण त्या रकमेत आजच्या सुमारे २,६०० रुपयांएवढीच खरेदी होईल. ताळेबंदात मूळ लाख जसेच्या तसे दिसतील, लेखापरीक्षकाचा एकही आक्षेप नसेल, आणि तरीही निधीचे तीन भागांपैकी जवळजवळ दोन भाग महागाईने खाल्लेले असतील.

म्हणून खर्चाचा नियम ठरवून तो ठरावाने बांधून घ्यावा. अमेरिकेतील मोठी विद्यापीठे साधारणतः निधीच्या मागील काही वर्षांच्या सरासरी मूल्यावर चार ते पाच टक्के खर्च करतात. सरासरी घेतल्याने बाजार चढला-उतरला तरी शिष्यवृत्तीची रक्कम एकदम हलत नाही. मुदत ठेवींवर भिस्त असलेल्या आपल्या संस्थांनी याहून सोपा नियम करावा: मागील तीन वर्षांच्या सरासरी शिलकीच्या चार टक्के वाटावेत आणि उरलेले व्याज मूळ रकमेत मिळवावे. न्यासांनी हा नियम आयकर कायद्यातील ८५ टक्के उत्पन्न वापरण्याच्या अटीशी ताडून, लागल्यास संचयनाची, म्हणजे न वापरलेले उत्पन्न पुढील वर्षांसाठी साठवण्याची, रीतसर सूचना दाखल करून, सनदी लेखापालाच्या सल्ल्याने बसवावा. पारितोषिकाची रक्कम कमी करावी लागली तरी त्यात कमीपणा मानू नये. नोबेल फाउंडेशनने २०१२ मध्ये निधी टिकवण्यासाठी पुरस्काराची रक्कम १ कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणली, २०२० मध्ये ती पुन्हा १ कोटी केली आणि २०२३ मध्ये १ कोटी १० लाखांवर नेली; मधल्या काळात त्या पुरस्काराची प्रतिष्ठा काही घटली नाही.

मूळ रक्कम फिरती ठेवण्याचाही एक मार्ग आहे. जमशेदजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी सुरू केलेल्या निधीतून विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते आणि परत आलेल्या पैशातून पुढच्यांना मदत होते. वसुलीची चिकाटी ज्या कार्यालयात आहे त्यानेच हा मार्ग धरावा.

वाटप आणि दात्याशी पत्रव्यवहार

निकाल लागल्यावर महिनाभरात पात्र विद्यार्थ्यांची यादी परीक्षा विभागाकडून मागवावी, समान गुण आल्यास काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावी. पात्र विद्यार्थी न मिळाल्यास त्या वर्षीची रक्कम त्याच निधीत जमा राहते. ती सर्वसाधारण खर्चाकडे वळवता येत नाही. दात्याला किंवा त्याच्या वारसाला वर्षातून एक पानी पत्र पाठवावे: आरंभीची शिल्लक, व्याज, वाटप, अखेरची शिल्लक, आणि ज्या विद्यार्थिनीला पारितोषिक मिळाले तिच्या संमतीने तिचे नाव व अभ्यासक्रम. मुलुंडला किंवा पार्ल्याला राहणाऱ्या एखाद्या नातवाला आजोबांच्या नावाचे असे पत्र दर जूनमध्ये मिळाले, तर पाच-सात वर्षांत तो आपण होऊन निधीत भर घालतो. देणग्या मिळवण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

हेतू कालबाह्य झाल्यास

पर्यायी हेतूचे कलम असेल तर ठराव करून पुढे जाता येते. नसेल तर आधी वारसांचा शोध घ्यावा, त्यांची लेखी संमती मिळवावी आणि बदल मूळ हेतूच्या जवळचाच ठेवावा: इंटर आर्ट्सच्या मराठीचे पारितोषिक बारावीच्या किंवा प्रथम वर्ष कला शाखेच्या मराठीला जाऊ शकते, कबड्डीच्या संघाला नाही. निधी हा स्वतंत्र सार्वजनिक न्यास असेल तर हे काम अंतर्गत ठरावाने भागत नाही. १९५० च्या अधिनियमातील कलम ५५ ची (मूळ हेतू पाळता येईनासा झाल्यास निधी दुसऱ्या हेतूकडे वळवण्याच्या तरतुदीची) वाट धरावी लागते आणि त्यासाठी वकील लागतो. अगदी लहान निधी एकत्र करून एकच शिष्यवृत्ती करायची झाल्यास प्रत्येक मूळ नाव प्रमाणपत्रावर छापावे. जागा कमी पडते ही सबब खरी नाही. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूस पुष्कळ जागा असते.

हिशेब आणि कार्यभार

ताळेबंदात स्थायी निधीची मूळ रक्कम आणि साठलेले व्याज वेगवेगळ्या स्तंभांत दाखवावे, आणि सर्व निधींची बेरीज गुंतवणुकीच्या बेरजेशी ३१ मार्चला जुळवून घ्यावी. न जुळल्यास फरक ‘किरकोळ’ म्हणून पुढे ओढू नये. बहुधा एखाद्या ठेवीचे व्याज सर्वसाधारण खात्यात गेलेले असते, किंवा बँकेने कापलेला टीडीएस परत मागायचा राहून गेलेला असतो. न्यासांनी देणग्यांचे विवरण आयकर विभागाला ३१ मेपर्यंत देऊन दात्यांना प्रमाणपत्रे द्यायची, हा वेळापत्रकातील पक्का दिवस मानावा.

कार्यभार देताना नव्या अधिकाऱ्याबरोबर बसून ठेवपावत्या मूळ प्रतींवरून एकेक मोजाव्यात, मुदतपूर्तीच्या पुढील बारा महिन्यांच्या तारखांची यादी द्यावी, कपाटाची किल्ली आणि नेटबँकिंगचे अधिकार कोणाकडे आहेत हे लिहून द्यावे, आणि बँकेतील जुन्या स्वाक्षऱ्या रद्द झाल्याचे बँकेचे पत्र फाइलला लावूनच कार्यभार अहवालावर सही करावी.